वजनाच्या ऑपरेशननंतरचं पाणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया ठरली की घरात चर्चा सुरू होते ती खाण्याची. पोळी कधी सुरू करायची, भात चालेल का, सणासुदीला काय करायचं, प्रथिनांची पावडर कोणती आणायची. पाण्याचा विषय निघतच नाही, कारण पाणी पिणं ही कुणाला शिकवायची गोष्ट वाटत नाही. प्रत्यक्षात घरी सोडलेले रुग्ण पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा दवाखान्यात येतात, त्याच्या नेहमीच्या कारणांत मळमळ, उलट्या आणि शरीरातलं पाणी कमी होणं ही तिन्ही असतात. मळमळतं म्हणून माणूस पीत नाही, प्यायला नाही म्हणून शरीर कोरडं पडतं आणि कोरडं पडलं की मळमळ आणखी वाढते. हे चक्र सुरू होण्याआधीच थांबवणं घरच्या घरी जमण्यासारखं आहे. त्यासाठी आधी काही ऐकीव समजुती बाजूला ठेवाव्या लागतात.

शरीरात नेमकं काय बदललं, हे थोडक्यात. आपल्याकडे जास्त होणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती एक अरुंद नळी, तिच्यात साधारण १०० ते १५० मिली मावतं. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलीची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. उन्हातून आल्यावर तांब्या तोंडाला लावून एका दमात रिकामा करणारं पोट आता उरलेलं नाही. शरीराची पाण्याची गरज मात्र कमी झालेली नाही. दिवसाला किमान दीड लिटर, जमल्यास दोन लिटर, असं बहुतेकांना सांगितलं जातं. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांना डॉक्टरांनी वेगळी मर्यादा घालून दिली असेल, तर त्यांनी तीच पाळायची.

“तहान लागली की पिईन ना!”

सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच. रक्तातलं पाणी कमी झालं की मेंदू तहानेची सूचना देतो, आणि ती यंत्रणा शस्त्रक्रियेनंतरही शाबूत असते. पण पहिल्या काही आठवड्यांत मळमळ, वेदना, औषधांची गुंगी आणि दोन घोटांतच पोट गच्च भरल्याची भावना यांच्याखाली ती सूचना दबून जाते. काहींच्या बाबतीत उलटं घडतं. तोंडाला सतत कोरड असते, जीभ टाळूला चिकटते, पण घोटभर घेतलं की छातीत दाटतं. अशा वेळी तोंडाची कोरड आणि शरीराची गरज या दोन गोष्टी वेगळ्या सांभाळाव्या लागतात. कोरडेपणासाठी चूळ भरणं, ओठांना तूप किंवा व्हॅसलिन लावणं, बर्फाचा लहानसा तुकडा चघळणं याचा चांगला उपयोग होतो. शरीराची गरज मात्र पोटात गेलेल्या पाण्यानंच भागते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. एरवी आपल्याला मिळणाऱ्या पाण्याचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही थोडा जास्त अन्नातून येतो. वरण-भात, आमटी, पालेभाजी, काकडीची कोशिंबीर, कलिंगड या सगळ्यात पाणीच जास्त. जेवण चार-पाच चमच्यांवर आलं की पाण्याची ही वाट जवळजवळ बंद होते. शिवाय सुरुवातीला झपाट्यानं उतरणाऱ्या वजनात बरंचसं पाणी असतं. यकृत आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन संपत जातं, तसं त्याच्यासोबत धरून ठेवलेलं पाणीही लघवीवाटे निघून जातं. म्हणजे येणारं पाणी कमी आणि जाणारं जास्त, असे ते दिवस असतात.

म्हणून पाणी तहानेवर न सोडता घड्याळावर बांधायचं. हिशेब सोपा आहे. रुग्णालयातून मिळालेला ३० मिलीचा छोटा कप, म्हणजे दोन मोठे चमचे, दर पंधरा मिनिटांनी. तासाला १२० मिली झाले. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत हे चालू राहिलं तर १६८० मिली होतात. सुरुवातीचे दिवस पातळ आहाराचेच असतात, त्यामुळे मधे खंड पडत नाही. पुढे घट्ट अन्न सुरू झालं की जेवणाभोवतीचा वेळ त्यातून वजा होतो, पण तोवर घोटही मोठा झालेला असतो आणि ५०–६० मिली सहज उतरतात.

कपानं मोजत बसायचा कंटाळा येतो, हे खरं. सकाळीच दीड लिटर पाणी अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्यांत भरून ठेवलं की दुपारी एक वाजता कुठवर आलोय ते नुसतं बघून कळतं. घरातल्या एकानं ही जबाबदारी उघडपणे घ्यावी असं मला कळकळीनं वाटतं. ऑपरेशन झालेल्या माणसाला प्रत्येक जण “काही खाल्लंस का?” विचारतो. त्या पहिल्या महिन्यात “किती प्यायलीस?” हा प्रश्न जास्त मोलाचा असतो.

“पाण्यानं पोट ताणलं जाईल, म्हणून बेतानंच प्यावं”

पाणी आणि पातळ पदार्थ या नव्या जठरात फार वेळ थांबत नाहीत, पटकन पुढे आतड्यात उतरतात. घोट-घोट पाण्यानं जठराची नळी सैल होत नाही आणि टाकेही उसवत नाहीत. घाईनं मोठे घोट घेतले तर छातीच्या मध्यभागी कळ येते, लाळ सुटते, कधी प्यायलेलं सगळं उलटून पडतं. एकदा असा त्रास झाला की माणूस पाण्यालाच भितो आणि दिवसभरात अर्धा लिटरही पीत नाही. घोट लहान ठेवावा, दोन घोटांत अंतर ठेवावं, पण दिवसाचं माप कमी करू नये.

काहींना साधं पाणीच नकोसं होतं. जड वाटतं, धातूसारखी चव येते, घशाखाली उतरत नाही. हा मनाचा खेळ नाही, बऱ्याच जणांना असं होतं आणि काही आठवड्यांत ते बरंही होतं. तोवर पाण्यात लिंबाची फोड, पुदिन्याची चार पानं किंवा आल्याचा तुकडा टाकावा. माठात वाळ्याची जुडी टाकलेली असेल तर फारच छान.

“कोमटच प्यायचं; गार पाण्यानं आतले टाके आखडतात”

आतले टाके, म्हणजे मुख्यतः टायटॅनियमचे बारीक स्टेपल, पाण्याच्या तापमानानं हलत नाहीत. कोमट पाण्यानं चरबी वितळत नाही आणि गार पाण्यानं गोठतही नाही. सुरुवातीला काहींना कोमट पाणी सोपं जातं, काहींना माठातलं, काहींना बर्फाचं. जे उतरेल ते प्यावं. कोमट पाण्यात मध घालून पिण्याची सवय मात्र सोडावी. मध ही साखरच आहे.

“जेवताना पाणी म्हणजे विषच, आधी तासभर नाही आणि नंतरही दोन तास नाही”

आपल्याकडे ताटाशेजारी तांब्या-भांडं हवंच, आणि घास अडकला की घोट घ्यायचा ही लहानपणापासूनची सवय. त्यामुळे ‘जेवताना पाणी नको’ हा नियम सगळ्यांना जड जातो, आणि जड जाणाऱ्या नियमाभोवती भीती पटकन जमा होते.

नियमामागचं कारण साधं आहे. जागा थोडी आहे. पाण्यानं ती भरली तर प्रथिनांना जागा उरत नाही, आणि अन्नावर पाणी ओतलं गेलं की दाटून येतं, उलटी होते. बायपास झालेल्यांत पातळ झालेलं गोडसर अन्न भर्रकन आतड्यात उतरून घाम, धडधड आणि जुलाबही होऊ शकतात. म्हणून जेवताना पाणी टाळायचं आणि जेवणानंतर साधारण अर्धा तास थांबायचं, असं सांगतात. जेवणाआधी किती थांबायचं याचा नियम रुग्णालयागणिक बदलतो. पाणी लवकर पुढे सरकत असल्यानं काही ठिकाणी अगदी जेवायला बसेपर्यंत परवानगी असते. आपल्या आहारतज्ज्ञांनी सांगितलेलं पाळावं.

अर्ध्या तासाचा नियम दोन-दोन तासांवर नेणं मात्र धोक्याचं. दिवसातून चार-पाच वेळा थोडंथोडं खाणारा माणूस प्रत्येक खाण्याच्या आगेमागे तीन तास पाण्यावाचून राहिला, तर त्यानं दीड लिटर प्यायचं कधी? घास कोरडा लागत असेल तर तो मऊ करावा, त्यात ताक किंवा वरण कालवावं, बारीक चावावा. आणि घास खरोखर अडकला असेल तर खाणं तिथंच थांबवावं. पाण्यानं तो ढकलू नये.

“पाणी म्हणजे पाणीच, बाकी काही मोजायचं नाही”

मोजायचं. ताक, डाळीचं पाणी, गाळलेलं सूप, भाताची किंवा नाचणीची पातळ पेज, दूध, प्रथिनांची पावडर घातलेलं पेय, बिनसाखरेचं लिंबूपाणी हे सगळं दिवसाच्या मापात धरतात. मराठी स्वयंपाकघर या बाबतीत फार समृद्ध आहे. शस्त्रक्रियेनंतर परदेशी तक्त्यांतले पदार्थ शोधत फिरण्याची गरज नाही.

ताकाचं विशेष कौतुक करावंसं वाटतं. लोणी काढलेलं पातळ ताक, चिमूटभर मीठ, जिऱ्याची पूड. पाणी मिळतं, मीठ मिळतं, थोडी प्रथिनंही मिळतात. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, काहींना दुधातली साखर पचेनाशी होते आणि दुधानं पोट गुबारतं. अशांनाही ताक बहुधा सोसतं, कारण विरजणात ती साखर काही प्रमाणात कमी झालेली असते. कोकमाचं आगळ पाण्यात घालून जिरं-मीठ टाकलं की तेही चालतं. दुकानातलं कोकम सरबत मात्र साखरेचा पाक असतो. सोलकढी नारळाच्या दुधामुळे जड पडते, ती नंतरच्या महिन्यांसाठी ठेवावी.

शहाळ्याबद्दल घरोघरी फार श्रद्धा आहे. शहाळ्याचं पाणी चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. उलट्या-जुलाबांत शरीरातून सोडियम जातं, त्याची भरपाई एकट्या शहाळ्यानं होत नाही. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी विचारूनच प्यावं.

चहाचं काय? चहानं शरीर कोरडं पडतं असं सरसकट म्हणतात, ते अतिशयोक्त आहे. एक-दोन कप चहातलं पाणी शरीराला मिळतं, त्यातल्या कॅफिननं ते सगळं लघवीवाटे निघून जात नाही. तरी पहिला महिनाभर बहुतेक ठिकाणी चहा-कॉफी बंद ठेवतात, आणि नंतरही दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, टपरीवरचा चहा गोड असतो. दुसरी जास्त महत्त्वाची : चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. या शस्त्रक्रियेनंतर लोहाची कमतरता होण्याचा धोका आधीच वाढलेला असतो, त्यात बायकांना तर जास्तच. लोहाची गोळी आणि चहा यांत दोनेक तासांचं अंतर हवं. गोळी चहाबरोबर घ्यायची सवय आपल्याकडे इतकी सर्रास आहे की हे मुद्दाम सांगावं लागतं.

“अशक्तपणा आलाय, ग्लासभर उसाचा रस दे”

यामागची माया खरी आहे. पण विशेषतः बायपास झालेल्या माणसाला ग्लासभर उसाचा रस, गुळाचं पन्हं, डबाबंद फळांचा रस किंवा थंड पेय दिलं, तर अर्ध्या तासाच्या आत पोटात मुरडा, घाम, धडधड, चक्कर, जुलाब होऊ शकतात. याला डंपिंग म्हणतात. साखरेचा दाट द्राव एकदम लहान आतड्यात उतरतो आणि रक्तातलं पाणी आतड्यात खेचून घेतो. पाणी मिळावं म्हणून दिलेलं पेय शरीरातलं पाणी असं बाहेर काढतं. पुढे एक ते तीन तासांनी रक्तातली साखर घसरून पुन्हा घाम आणि थरथर, असंही काहींना होतं. स्लीव्हनंतर हे तुलनेनं कमी, पण होत नाही असं नाही.

मग उलट्या-जुलाबांनी गळून गेलेल्याला द्यायचं काय? ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेल्या एक लिटर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. म्हणजे १०० मिलीत दीड ग्रॅमसुद्धा नाही. बाजारातल्या कोलामध्ये तेवढ्याच मापात १० ग्रॅमच्या आसपास साखर असते. ओआरएसमधली साखर चवीसाठी नसून मीठ आणि पाणी आतड्यातून आत ओढून घेण्यासाठी असते, आणि घोट-घोट घेतली तर ती सहसा त्रास देत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली, तेव्हा बनगाव इथे डॉ. दिलीप महालनबिस यांनी सलाईनच्या बाटल्या संपत आल्यावर मीठ, साखर आणि पाण्याच्या याच तत्त्वानं असंख्य जीव वाचवले. घोटाघोटानं प्यायलेलं योग्य मिश्रण किती ताकदीचं असतं, याचा याहून मोठा पुरावा नाही.

पुडी विकत घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, एवढं पाहावं. गोड पेयांच्या डब्यांवर ‘ओआरएस’ छापून ती वर्षानुवर्षं औषधांच्या दुकानांत विकली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. आणि एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायची. “ती पिते तरी किती” म्हणून आख्खी पुडी एका पेल्यात ढवळली, तर ते मिश्रण घातक ठरू शकतं. केलेलं द्रावण २४ तासांनंतर उरलं तर टाकून द्यावं.

“सोड्यानं गॅस निघून जाईल” आणि “स्ट्रॉ लावली तर पोट फुगतं”

सोडा आणि फसफसणारी पेयं टाळावीत. एवढ्याशा जागेत वायू गेला की ताण आणि कळ येते, ढेकर दिला तरी सुटका होत नाही. स्ट्रॉची बंदी मात्र बरीचशी सावधगिरीतून आलेली आहे. स्ट्रॉनं हवा गिळली जाते आणि घोट मोठा होतो, म्हणून काही सर्जन नको म्हणतात. पण ज्यांना पेल्यापेक्षा स्ट्रॉनं छोटे घोट घेणं जमतं, त्यांना काही ठिकाणी परवानगीही असते. यावरून घरात भांडण होण्याइतका हा मुद्दा मोठा नाही. दारूचा मुद्दा मोठा आहे. बायपासनंतर ती फार लवकर आणि जास्त चढते, शरीर कोरडं करते, आणि व्यसन लागण्याचा धोकाही वाढतो.

“लघवी पिवळी आहे, म्हणजे पाणी कमी पडतंय”

एरवी हे अनुमान बरोबर असतं. पण या शस्त्रक्रियेनंतर रोज घ्यायच्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीतल्या बी-२ जीवनसत्त्वामुळे लघवी झळझळीत पिवळी होते, पाणी पुरेसं असलं तरीही. रंगाबरोबर प्रमाण पाहावं. सहा-सात तास लघवीच झाली नाही, किंवा झाली ती थोडीशी, गडद आणि उग्र वासाची. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. डोकं दुखतंय, ओठ फुटलेत, छातीत धडधडतंय, या खुणा एकत्र दिसल्या तर पाणी कमी पडलंय असं समजावं.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. वजनाची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत जगभर बायकांचं प्रमाण बरंच जास्त आहे. आणि आपल्याकडच्या असंख्य बायका घराबाहेर पाणी पीत नाहीत, कारण लघवीला जायला जागा नसते. बाजारात बसणारी, शाळेत शिकवणारी, बंदोबस्ताला उभी राहणारी, एसटीनं रोज ये-जा करणारी बाई सकाळी घोटभर चहा घेऊन निघते आणि घरी परतल्यावरच तांब्या हातात घेते. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ची मोहीम चालली ती याच कारणानं. मोठ्या जठराची बाई संध्याकाळी दोन पेले पिऊन कशीबशी भरपाई करू शकत होती. शस्त्रक्रियेनंतर ती सोय संपते, कारण सहा तासांचं पाणी एका तासात पिताच येत नाही. म्हणून कामावर परतण्याआधी, कामाच्या जागी स्वच्छतागृह कुठे आहे आणि मधे उठायची मुभा आहे का, हे ठरवून घ्यावं. गरज पडली तर डॉक्टरांकडून तशी चिठ्ठी मागावी. यात लाजण्यासारखं काहीच नाही.

“काटा हलत नाही, पाण्यानंच वजन अडलंय”

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास वजन काही दिवस थांबतं, असा अनुभव अनेकांना येतो. ग्लायकोजेन थोडंफार भरून येताना सोबत पाणीही साठतं, म्हणून काटा स्थिर दिसतो. आत चरबी कमी होणं चालूच असतं. अशा वेळी घाबरून पाणी तोडलं तर काटा दोन दिवस खाली जाईलही, पण बद्धकोष्ठ, चक्कर आणि थकवा पदरात पडेल.

“बीपीची गोळी कायमची असते, ती कशी बंद करणार?”

पाण्याशी याचा जवळचा संबंध आहे. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं, हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन. मधुमेहाच्या ज्या गोळ्यांच्या नावाचा शेवट ‘ग्लिफ्लोझिन’ असा होतो, त्याही लघवीवाटे साखर आणि तिच्याबरोबर पाणी बाहेर टाकतात. शिवाय खाणं-पिणं फार कमी असताना या दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांनी रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर धोका असतो, आणि तोही रक्तातली साखर फारशी वाढलेली नसताना. शस्त्रक्रियेनंतर वजन आणि खाणं दोन्ही उतरल्यावर या औषधांची गरज झपाट्यानं बदलते. जुनी स्ट्रिप सवयीनं चालू ठेवली, तर शरीर कोरडं पडतं, रक्तदाब फार खाली जातो, मूत्रपिंडावर ताण येतो. मनानं गोळी बंद करू नये, पण घरी जाताना एकेका गोळीचं नाव घेऊन “ही चालू ठेवायची का?” असं विचारल्याशिवाय रुग्णालय सोडू नये. अंगदुखीवर डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेण्याची सवयही सोडावी लागते. त्यानं जठरात व्रण होतो, आणि कोरड्या पडलेल्या शरीरात मूत्रपिंडालाही इजा होते.

“देवाचं आहे, एक दिवस निर्जळी राहिलं तर काय होतंय?”

ज्येष्ठातली निर्जळी एकादशी असो, भाद्रपदातली हरतालिका असो किंवा रमजानचे रोजे, पहिल्या काही महिन्यांत पाण्यावाचून दिवस काढणं झेपणारं नाही. राहून गेलेलं पाणी रात्री एकदम पिऊन भरून काढता येत नाही, त्याचं कारण वर आलंच आहे. आजारी माणसाला सूट देण्याची रीत आपल्या सगळ्याच परंपरांत आहे. ती सूट घेताना अपराधी वाटू नये म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनीच आधी “तू पाणी घे” असं म्हणावं.

तीच गोष्ट उन्हाळ्याची. एप्रिल-मेमध्ये अकोला, नागपूर, चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दीड लिटरचं माप पुरत नाही. मुंबई-कोकणात पारा कमी, पण दमटपणानं घामाच्या धारा लागतात. शस्त्रक्रियेची तारीख आपल्या हातात असेल आणि काम उन्हातलं असेल, तर पहिले दोन महिने कडक उन्हाळ्यात येणार नाहीत असं पाहणं शहाणपणाचं आहे.

“सहा महिने झाले, आता कसली काळजी?”

सहा महिन्यांनी पाणी पिणं खूप सोपं होतं, हे खरं. पण बायपासनंतर अन्नातलं ऑक्झलेट आतड्यातून जास्त शोषलं जातं आणि मूतखडा होण्याचा धोका पुढेही राहतो. त्यावर भरपूर पाणी हाच पहिला उपाय. सोबत कॅल्शियमची सायट्रेट प्रकारची गोळी जेवणाबरोबर घेतली, तर ते ऑक्झलेटला आतड्यातच अडवतं. लोहाची गोळी त्यापासून दोन तास दूर ठेवायची. स्लीव्हनंतर क्वचित आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी होते, आणि शरीर कोरडं पडणं हे त्यातलं एक कारण मानलं जातं. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. पाण्याचं महत्त्व फक्त थकवा आणि चक्कर यांच्यापुरतं नाही, एवढं लक्षात यावं.

“उलट्या होतायत ना, जवळच्या दवाखान्यात बाटली लावून घेऊ”

सलाईनची बाटली लावली की माणूस टवटवीत होतो, असा आपला अनुभव असतो, आणि पुष्कळदा ती लावावीही लागते. पण वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर त्या बाटलीत काय आहे याला फार महत्त्व आहे. शरीरातला थायमिनचा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. तेवढे दिवस उलट्या होत असतील आणि गोळ्या पोटात टिकत नसतील, तर तो संपत आलेला असतो. अशा शरीरात ग्लुकोज असलेली बाटली थायमिनशिवाय सोडली, तर उरलासुरला साठा ते ग्लुकोज वापरण्यात खर्च होतो आणि मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांना दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं ही त्याची लक्षणं. वेळेत थायमिन मिळालं तर हे टळतं, उशीर झाला तर कायमचं अपंगत्व येऊ शकतं. थायमिनचं इंजेक्शन स्वस्त आहे. अडचण एवढीच, की गावातल्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेबद्दल कुणी सांगितलेलंच नसतं. पोटावर चार-पाच बारीक खुणा असतात, रुग्ण स्वतः संकोचानं गप्प असतो, आणि नातेवाईक म्हणतात, “खाण्यात काहीतरी आलं असेल.”

उलट्या थांबत नसतील, तर कारणही शोधावं लागतं. बायपासच्या जोडाशी किंवा स्लीव्हच्या मधल्या भागात अरुंदपणा आला, तर आधी घट्ट अन्न आणि मग पाणीही उतरेनासं होतं. बायपासच्या जोडाशी तो बहुधा पहिल्या तीन महिन्यांत येतो आणि दुर्बिणीतून फुगा घालून बरा करता येतो. वाट पाहून मात्र बरा होत नाही. म्हणून २४ तासांत पाणीसुद्धा पोटात टिकलं नाही तर शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनला कळवावं. ताप, श्वास लागणं, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढत जाणारी कळ, किंवा स्वस्थ पडून असतानाही मिनिटाला १२० च्या वर नाडी यांपैकी काहीही असेल, तर ते पाणी कमी पडल्याचंच लक्षण आहे असं गृहीत धरू नये. टाक्यांतून गळती सुरू झाली असण्याची शक्यता असते. अशा वेळी थेट मोठं रुग्णालय गाठावं.

कुठल्याही डॉक्टरांना शस्त्रक्रियेबद्दल लगेच कळावं म्हणून एक छोटं कार्ड पाकिटात आणि त्याचा फोटो घरच्यांच्या मोबाइलमध्ये ठेवावा. शस्त्रक्रियेचं नाव, तारीख, सर्जनचा फोन नंबर, चालू असलेली औषधं, आणि खाली ठळक अक्षरांत : ‘ग्लुकोज देण्याआधी थायमिन द्यावं.’ दवाखान्यात पोचल्यावर केसपेपर काढतानाच ते कार्ड पुढे करावं.